तीस तुकड्यांचा गोळा तेविसाव्याला का सुटतो?

पत्र

माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. मुलगा दहा वर्षांचा. होड्या, विमानं, उड्या मारणारे बेडूक सगळं करून झालंय. सुट्टीत मुलीने व्हिडिओ बघून कागदाचे तीस तुकडे घडी करून त्यांचा चांदणीसारखा गोळा करायला घेतला. कागद टिकावा म्हणून मी तिला कार्डशीट आणून दिली, चौकोनही मीच कात्रीने कापून दिले. दोनदा जोडला, पण दोन्ही वेळा बावीस-तेवीस तुकडे लागले की सगळं हातात सुटून येतं. आता ती म्हणते, 'माझ्या हातात कलाच नाही.' मुलाच्या बगळ्याची मान दर वेळी फाटते. ओरिगामीच्या खास कागदाचा महागडा संच मागवावा का? मी मदत किती करावी? हाच गोळा दिवाळीला आकाशकंदील म्हणून लावायचं तिचं स्वप्न आहे. तुकड्यांचा फोटो पाठवते आहे.

— एक आई, सातारा

उत्तर

ताई, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. चादरीवर मांडलेले तुकडे मोजले तर सव्वीस दिसतात. त्यातले बावीस एका बाजूला झुकलेत आणि चार नेमके उलट बाजूला, आरशात दिसावेत तसे. हे चार तुकडे बाकीच्यांत कधीच नीट बसणार नाहीत, कितीही जोर लावला तरी. बऱ्याच तुकड्यांच्या मधोमध पांढरी फट दिसते आणि ती एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद आहे. म्हणजे मूळ कागद चौरस नव्हता. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे: कार्डशीट. या तिन्हीत लेकीच्या हाताचा दोष कुठेच नाही. उलट असल्या कागदावर तिने तेवीसपर्यंत मजल मारली, याचा अर्थ हात चांगला आहे आणि चिकाटी तर त्याहून चांगली. तिला हे आजच सांगा, फोटो समोर ठेवून.

आधी कागदाचं बोलू, कारण मोठ्या मुलांच्या घडीकामात बिघडतं ते बहुतेक इथेच. होडी कशाचीही होते, वर्तमानपत्राचीही. पण एकमेकांत अडकणाऱ्या तुकड्यांचं काम वेगळं. त्यात एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खिशात शिरतं आणि तिथे कागदाचे चार-पाच थर एकावर एक येतात. कार्डशीटचे चार थर म्हणजे मिलिमीटरहून जास्त जाडी. झेरॉक्सच्या कागदाचे चार थर अर्धा मिलिमीटरही भरत नाहीत. जाड कागद घडीतून परत उघडू पाहतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा शेजारच्याला बाहेर ढकलत राहतो. टिकाऊ म्हणून तुम्ही जो कागद निवडलात त्याच्याच ताणाने गोळा सुटला. तीस तुकड्यांच्या गोळ्याला ७० ते ९० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) साधा कागद उत्तम, म्हणजे कुठल्याही स्टेशनरीत मिळणारा रंगीत झेरॉक्स पेपर. घोटीव कागद दिसतो सुरेख, पण त्याची चकचकीत बाजू निसरडी असते. पहिला गोळा त्याचा नको. तो मुलाच्या बगळ्यासाठी ठेवा.

महागडा संच आत्ता मागवू नका. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. रुंदीत ७ सेंटिमीटरचे बरोबर तीन आणि लांबीत चार, असे एका कागदातून बारा चौरस निघतात आणि जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी वाया जाते. तीस तुकड्यांना तीन कागद पुरतात, सहा चौरस सरावाला उरतात. तीन रंगांचा एकेक कागद घेतलात तर प्रत्येक रंगाचे बारा चौरस होतात, आणि लागणार आहेत दहा-दहा.

कापायचे मात्र कात्रीने नाही. कात्री प्रत्येक चाव्याला थोडी वळते आणि तो बाक डोळ्यांना दिसत नाही, घडीत दिसतो. स्टीलची पट्टी, कटर आणि खाली जाड पुठ्ठा घेऊन कापा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे गावातल्या बाइंडरकडे किंवा प्रिंटिंग प्रेसमध्ये जा. तिथलं कटिंग मशीन पंचवीस कागदांचा गठ्ठा एका दमात सरळ कापतं आणि तुमच्या हाती सात सेंटिमीटरचे तीनशे चौरस येतात. 'चारही बाजू सारख्या हव्यात, घडीकामासाठी आहेत' एवढं आवर्जून सांगा, नाहीतर वहीच्या कव्हराच्या हिशोबाने मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं.

चौरस खरा आहे का, हे मोजपट्टीशिवाय तपासता येतं आणि हे काम मुलांनाच द्या. दोन चौरस एकावर एक ठेवायचे, वरचा पाव वळसा फिरवायचा. कडा तंतोतंत जुळल्या तर चौरस. एका बाजूने केसभर जरी बाहेर आला तरी तो आयत आहे किंवा कोपरा काटकोनी नाही. सात सेंटिमीटरला एक मिलिमीटरची चूक ऐकायला किरकोळ वाटते, पण गोळ्यात एका बिंदूभोवती पाच सुळके भेटतात, आणि पाचांच्या चुका तिथे एकत्र जमतात.

आता तुकडा, म्हणजे युनिट. तुमची मुलगी करते आहे ते जपानच्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखलं जाणारं युनिट. जगभर मुलं तुकड्यांच्या घडीकामाची सुरुवात याच्यापासून करतात, कारण एकाच आकाराच्या ६ तुकड्यांचा घन होतो, १२ तुकड्यांची आठ सुळक्यांची चांदणी होते आणि ३० तुकड्यांचा हा वीस सुळक्यांचा गोळा. व्हिडिओ बाजूला ठेवून ही घडी एकदा शब्दांवरून करून बघू दे.

कागद एकाच बाजूने रंगीत असेल तर रंगीत बाजू खाली, पांढरी वर. कागद मधोमध उभा दुमडून उघडायचा. मग डावी आणि उजवी कड मधल्या रेघेपर्यंत आणायची, कपाटाची दोन दारं लावावीत तशी. इथे पहिली बारीक गोष्ट: दारं एकमेकांवर चढता कामा नयेत. चढली तर आत खिसाच तयार होत नाही. केसाएवढी फट राहिली तर चालते, चढलेली नाही चालत. आता दारं उघडा. कागदावर तीन उभ्या रेघा आणि चार सारख्या पट्ट्या दिसतील. खालचा उजवा कोपरा शेजारच्या रेघेवर येईल असा आत दुमडा, लहानसा त्रिकोण होईल. कागद अर्धा वळसा फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली येईल, आणि पुन्हा खालचा उजवाच कोपरा तसाच दुमडा.

हे वाक्य तिला पाठ करू दे: 'नेहमी खालचा उजवा, फिरवायचा तो कागद, बदलायचा नाही तो कोपरा.' तुमच्या फोटोतले चार उलटे तुकडे इथेच बिघडलेत. व्हिडिओतला माणूस समोरून दिसतो, कधी चित्र आरशासारखं उलटं असतं, मूल थांबवून-थांबवून बघतं, आणि एखाद्या तुकड्याला डावा कोपरा दुमडला जातो. तो तुकडा एकटा बघितला तर अगदी बरोबर दिसतो, म्हणून चूक कळतच नाही.

पुढे दारं परत लावा, त्रिकोण आत जातील. आता उंच, अरुंद आयत हातात आहे. त्याचा खालचा डावा कोपरा उचलून खालची कड उजव्या कडेवर नेमकी बसेल असा तिरका दुमडा. मोठा त्रिकोण झाला. पण तो वर ठेवायचा नाही. उजवं दार हलकं उचलून त्याचं टोक दाराखाली सरकवायचं. अर्धा वळसा फिरवा आणि दुसऱ्या बाजूने हेच करा. समांतरभुज चौकोन मिळेल. एका बाजूला मध्यभागी फट आणि तिच्या दोन अंगांना खिसे, दुसरी बाजू सपाट.

सपाट बाजू वर करा. दोन टोकं अणकुचीदार आहेत, दोन कोपरे बोथट. अणकुचीदार टोक लांब कडेवरून सरकवत त्याच कडेच्या बोथट कोपऱ्यावर आणून दुमडा. दुसरंही तसंच. आता चौरस दिसेल. घनासाठी एवढंच पुरे. टोकं काटकोनात उभी ठेवायची. बारा आणि तीस तुकड्यांच्या कामाला आणखी एक घडी लागते. चौरस उलटा करून खिशांची बाजू वर आणायची आणि ज्या दोन कोपऱ्यांवर टोकं येऊन बसली होती त्यांना जोडणारी कर्णरेषा दुमडायची, खिशांची बाजू आत येईल अशी. मग सोडून द्यायची. ही घडी गोळ्यात सुळक्यांमधली दरी होते.

घडी घालताना हात कसा ठेवायचा याकडे थोडं लक्ष द्या, कारण शाळेत हे कोणी सांगत नाही. मांडीवर किंवा चादरीवर घडी बसत नाही. टेबल, पाट, फरशी, काहीतरी कडक हवं. आधी कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, तो एका बोटाने दाबून धरायचा आणि मग घडी मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्यायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेली तर कागद हळूच सरकतो आणि शेवटी तिरका होतो. शेवटचा दाब नखाने नको, नखाने कागद चकाकतो, कधी फाटतो. आइस्क्रीमची काडी त्यासाठी नामी. आणि एक तुकडा पूर्ण करून मग दुसरा, असं करण्याऐवजी सगळ्या तीस कागदांची पहिली घडी, मग सगळ्यांची दुसरी, असं घेतलं तर हात एका लयीत येतो. दहाव्या कागदानंतर घडी आपोआप नेमकी पडायला लागते.

सगळी युनिटं झाली की जोडायच्या आधी सपाट बाजू वर करून, टोकं उघडून, रांगेत मांडायची. सगळी एकाच बाजूला झुकलेली दिसली पाहिजेत. एखादं उलटं निघालं तर ते उलगडून पुन्हा घालत बसू नका, नवा कागद घ्या. त्या सहा जादा चौरसांचा उपयोग हाच.

सुरुवात मात्र तीसपासून नको. आधी ६ तुकड्यांचा घन, तीन रंगांचे दोन-दोन तुकडे, समोरासमोरचे तुकडे एका रंगाचे. तो एका दुपारी होतो आणि तुकडे कसे अडकतात हे बोटांना कळतं. टोक मधल्या फटीतून दाराखाली सरकवायचं आणि पुढे अडेपर्यंत न्यायचं. नीट बसलं की दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळून येतात. मध्ये दोन मिलिमीटर उघडं दिसत असेल तर टोक अजून आत जायचं आहे. मग १२ तुकडे, प्रत्येक रंगाचे चार. इथे नियम असा: तीन तुकडे मिळून एक सुळका, आणि चार सुळके एका बिंदूभोवती. पहिल्याचं टोक दुसऱ्याच्या खिशात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं पहिल्याच्या, की सुळका उभा राहतो.

तीसच्या गोळ्यात फरक एवढाच की बिंदूभोवती पाच सुळके येतात, त्या पाचांचं मिळून एक फूल. कुठेही चार किंवा सहा आले की गोळा एका बाजूला चपटा होतो आणि शेवटी बंद होत नाही. म्हणून दर वेळी मोजायचं: सुळक्याला तीन, फुलाला पाच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, तेविसाव्यालाच का? एका फुलापासून सुरुवात केली तर पाच सुळक्यांना दहा तुकडे लागतात. पुढच्या फेरीत आणखी दहा लागतात, आणि ते दहाही तुकडे खाली लोंबत असतात, कारण त्यांना बांधणारी कड अजून यायची आहे. ती कड पाच तुकड्यांची, म्हणजे एकविसावा ते पंचविसावा. शेवटच्या पाच तुकड्यांनी तोंड मिटतं. म्हणजे वीस ते पंचवीस हा सगळ्या कामातला सर्वांत सैल टप्पा. बंद झाल्यावर जो गोळा टेबलावरून पडला तरी सहसा सुटत नाही, तोच या टप्प्यात नुसत्या स्वतःच्या वजनाने उकलतो. लेकीचा गोळा दोन्ही वेळा तिथेच सुटला, हा योगायोग नाही. भलेभले तिथे अडकतात.

उपाय दोन. पहिला, गोळा हातात धरून करायचा नाही. सात सेंटिमीटरच्या चौरसाचा गोळा साधारण आठ सेंटिमीटर व्यासाचा होतो. तेवढ्या तोंडाची वाटी किंवा बाउल घ्या आणि पहिलं फूल खाली करून त्यात बसवा. भिंतींचा आधार मिळाला की दुसरी फेरी लोंबत नाही. दुसरा, कपड्यांचे लहान चिमटे किंवा पेपरक्लिप. विसाव्या तुकड्यापर्यंत प्रत्येक नव्या जोडाला एक चिमटा लावायचा, कड पूर्ण झाली की एकेक काढायचा. शेवटची तीन टोकं आत घालताना बोट आतून लावता येत नाही, तिथे बोथट टोकाची विणकामाची सुई किंवा काडी कामाला येते. गोंद शक्यतो लावूच नका. गोंदाने चूक तशीच चिकटून राहते आणि कुठे चुकलं हे मुलांना कळत नाही.

रंगांचं एक कोडं तिला घालून बघा: प्रत्येक सुळक्यात तिन्ही रंग आले पाहिजेत, दोनदा एक रंग कुठेच नको. दहा-दहा तुकड्यांत हे वीसच्या वीस सुळक्यांना जमतं. डोकं लागतं, पण जमतं. पहिल्या फुलात मधले पाच तुकडे कोणत्या रंगांचे घ्यायचे यावर पुढचं बरंचसं ठरतं.

पावसाळ्यातली एक सूचना. दमट हवेत कागद ओल शोषतो, मऊ पडतो आणि एका दिशेने किंचित फुगतोही. सकाळी कापलेले चौरस संध्याकाळी जुळेनासे होतात. कापलेला गठ्ठा डब्यात किंवा झिपच्या पिशवीत बंद ठेवा. कोकणातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मुलाच्या बगळ्याचं थोडक्यात सांगते. मान फाटते कारण त्या जागी कागद आधीच चार-पाच वेळा दुमडलेला असतो आणि मूल टोक ओढून घडी आत उलटवतं. ओढायची नसते ती. मान जिथे वळायची तिथे टोक आधी पुढे, मग मागे असं नीट दुमडून घडी पाडायची, नंतर दोन थर किंचित उघडून टोक मधून वर ढकलायचं. कागद तयार रेघेवर स्वतःच वळतो. कागद पातळ आणि निदान १५ सेंटिमीटरचा घ्या. पहिल्या बगळ्याला लहान कागद म्हणजे उगाच परीक्षा. आणखी एक: पतंगासारखा आकार येतो तेव्हा कडा मधल्या रेघेला अगदी चिकटवायच्या नाहीत, अर्धा मिलिमीटर सोडायची. पुढे तिथे आणखी थर मिटतात, त्यांना जागा लागते. जागा नसली की मान जाड होते, कागद ताणला जातो आणि मग फाटतो. शेवटी पंख टोकाला नाही, मुळाशी धरून हळूच बाजूला ओढायचे, पोट फुगतं.

मदत किती करावी? दोन गोष्टी तुमच्या: कटर तुमच्या हातात, आणि तेविसाव्या तुकड्याला वाटी धरायला एक जादा हात. घडी तुम्ही घालू नका, 'जरा नीट करून देते' असंही नको. दुरुस्त केलेली घडी मुलं लगेच ओळखतात.

व्हिडिओ अगदी बंद करायला नकोत, पण बारा वर्षांच्या मुलीने आता आकृत्या वाचायला शिकावं. अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने घडीच्या आकृत्यांची जी चिन्हं रूढ केली तीच आज सगळीकडे चालतात. नुसत्या तुटक रेघा म्हणजे घडी आपल्याकडे, दरीसारखी. रेघ आणि ठिपका आलटून पालटून असतील तर घडी मागे, डोंगरासारखी. बाण कागद कुठून कुठे न्यायचा ते सांगतो. वाचण्याची खुबी एकच: या पायरीवर अडलात तर पुढच्या पायरीचं चित्र बघा, हात कुठे पोचायचा ते तिथे दिसतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत शंभर वेळा थांबण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि आकृतीचा कागद टेबलावर शांत पडून असतो.

सातवीत आहे म्हणून तिला आवडेल अशी एक घडी सांगते. चौरसाच्या वरच्या कडेचा मध्य चिमटीने खूण करून घ्यायचा. खालचा उजवा कोपरा त्या खुणेवर आणून दुमडायचं. कागदाची मूळ खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला छेदते. तो छेद वरून बरोबर दोन तृतीयांश अंतरावर असतो, मोजपट्टी न लावता. जपानी जीवशास्त्रज्ञ काझुओ हागा यांच्या नावाने ही घडी ओळखली जाते. वर जे दोन काटकोन त्रिकोण दिसतात त्यांच्या बाजू ३:४:५ प्रमाणात आहेत. शाळेत पायथागोरस आला की तिला हा कागद आठवेल. तीन सारख्या पट्ट्या लागणाऱ्या कुठल्याही डब्याला, पाकिटाला ही युक्ती कामाची आहे.

पुढच्या सुट्टीसाठी मिउरा घडी राखून ठेवा. कोर्यो मिउरा हे अवकाशयानांच्या रचनेवर काम करणारे जपानी अभियंते. १९७० मध्ये त्यांनी ही नागमोडी घडी मांडली. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानच्या एका अवकाशयानात सौर पटल त्याच पद्धतीने मिटलेलं होतं. ए-फोरच्या रुंदीत ४२ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या नेमक्या बसतात, त्यापासून सुरुवात होते. आत्ता नको. गोळा आधी.

आता कंदील. सोनोबेचा गोळा दिसायला सुरेख, पण प्रकाशाला वाईट, कारण प्रत्येक सुळक्यावर तीन-चार थर असतात. रंगीत झेरॉक्स पेपरचा केलात तर आत दिवा असूनही फक्त कडा उजळतील. कंदिलासाठी ट्रेसिंग पेपर घ्या, ९० जीएसएमच्या आसपासचा. घडी त्यावर काचेसारखी कडक पडते, आणि थर जिथे जास्त तिथे प्रकाश गडद, जिथे कमी तिथे फिका, अशी आपोआप नक्षी उमटते. त्याची खोड एकच, चुकीची घडी पांढरी रेघ होऊन कायमची राहते. म्हणून त्याला हात लावायच्या आधी झेरॉक्स पेपरचा एक गोळा पूर्ण झालेला असू दे.

माप असं: गोळ्याचा व्यास चौरसाच्या बाजूच्या सव्वापटीहून थोडा कमी येतो. २१ सेंटिमीटरच्या चौरसांचा, म्हणजे एका ए-फोरमधून एकच, असा गोळा साधारण २४ सेंटिमीटरचा होतो. दारावर तो ठसठशीत दिसेल. तीस कागद लागतील, दोन-तीन जादा घ्या. पंचविसावा तुकडा लागला की थांबा. जे फूल वर राहणार त्याच्या मध्यबिंदूतून आतून दोरा बाहेर काढा. आतल्या टोकाला शर्टाचं मोठं बटण बांधा, म्हणजे दोरा कागद फाडून निसटणार नाही. त्याच वेळी एलईडीची छोटी माळ आत सोडा आणि तिची वायर दोऱ्याशेजारून बाहेर घ्या. मगच शेवटचे पाच तुकडे लावा. आत फक्त एलईडी. जुना पिवळा बल्ब नको, पणती तर मुळीच नको. हा सगळा कागद आहे. झिरमिळ्या पतंगी कागदाच्या करा, त्या मुलाकडे द्या, आणि त्या खालच्या फुलाच्या पाच दऱ्यांमध्ये गोंदाच्या थेंबाने लावा. गोंद वापरायची ही एकच जागा.

रात्री दव पडतं, तेव्हा कंदील उघड्यावर न लावता गॅलरीच्या छताखाली टांगा. दिवाळी झाली की खालच्या फुलापासून एकेक टोक मागे ओढून तुकडे सुटे करा, चपटे करून वहीत ठेवा. गोंद फक्त झिरमिळ्यांना होता, त्यामुळे पुढच्या वर्षी तेच तीस तुकडे पुन्हा जोडता येतील.